चौथ्या प्रकरणाच्या दोन बाजू

बेकरीच्या कारभारावर प्रबंध लिहिणाऱ्या बाईंना एकच मार्गदर्शक असता, तर त्या कधीच डॉक्टर झाल्या असत्या. विद्यापीठाने दोन दिले. सरांच्या मते संस्था म्हणजे शरीर, प्रत्येक अवयव आपापलं काम करतो. मॅडमच्या मते संस्था म्हणजे आखाडा, वरचा खालच्याला दाबतो. यावरून दोघांची अकरा वर्षं बोलचाल बंद होती.

वैतागून बाईंनी चौथं प्रकरण दोनदा लिहिलं. बेकरीचा मालक रोज भट्टीपाशी येऊन कामगारांबरोबर पाव खातो, हा सरांच्या प्रतीत 'जिव्हाळा' होता आणि मॅडमच्या प्रतीत 'पाळत'.

तोंडी परीक्षेच्या सकाळी बाइंडरचा फोन आला.

"बाई, चौथ्या प्रकरणाचे दोन गठ्ठे होते. कुठला कशात, ते लिहिलं नव्हतं. मी आपलं 'पाळत'वालं हिरव्या पुठ्ठ्यात घातलं."

हिरवा पुठ्ठा सरांचा होता.

"अहो, प्रती देऊन आठवडा झाला!"

"मग झालंच की काम," बाइंडर समाधानाने म्हणाला.

"आजारी पडतेस का?" नवऱ्याने सुचवलं.

"पडलेच आहे," म्हणत बाई निघाल्या.

व्हरांड्यातच सरांनी त्यांना खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"सर, चौथ्या प्रकरणात चूक—"

"चूक कसली! हसून हसून चष्मा पडला माझा. मॅडमच्या पंथाची काय टर उडवलीत! मालकाने पाव चावला, की तीही पाळत! फक्त त्यांना सांगू नका."

बाहेर मॅडम उभ्याच होत्या.

"सरांच्या त्या शरीरशास्त्राची खिल्ली उडवावी तर अशी! एक स्वल्पविराम बदलू नकोस. आणि त्यांना पत्ता लागू देऊ नकोस."

परीक्षेत चौथ्या प्रकरणाला कुणी हातच लावला नाही. दोघं एकमेकांकडे कीव केल्यासारखे पाहत गालातल्या गालात हसत होते. वीस मिनिटांत दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. तीन वर्षं घाम गाळून लिहिलेलं दोन्हीकडे विनोद ठरलं, याचं वाईट वाटायलाही बाईंना सवड नव्हती. कागद घेऊन त्या धावत कार्यालयात गेल्या.

कारकुनाने तो उजेडात धरला. "या दोघांच्या सह्या एका कागदावर? बाई, नऊ वर्षं आहे मी इथे. असला कागद पाहिला नाही."

"खऱ्या आहेत हो!"

"असतील. पण एकाने दुसऱ्याची सही ओळखतो असं लिहून द्यायला हवं."

बाई तशाच सरांकडे परतल्या. सरांनी कागद लांब धरून पाहिला.

"मॅडमची सही? मी कशी ओळखणार? त्यांनी लिहिलेलं मी काही वाचतच नाही."