शेखची बारीक नजर

आमचे इब्राहिमभाई दिवसभर भिंत रंगवतात आणि दिवेलागणीला त्यातलंच काहीतरी खरवडून घरी येतात. विचारलं की ठरलेलं उत्तर: "शेखची नजर फार बारीक, बाबा."

भिंत आहे सौदीतल्या ताइफबाहेर, त्यांच्या कफीलच्या, म्हणजे त्यांना कामावर ठेवणाऱ्या शेखच्या फार्महाउसवर. शेखना जेवणाच्या दालनात कोकण हवं होतं. खाडी, माड, पावसाळी आभाळ सगळं चालेल. पण माणूस, जनावर, पक्षी, जीव असलेलं काहीही नको. चित्र पुरं झालं की भाईंना रत्नागिरीला जायची रजा. म्हणजे रजा त्या भिंतीतच अडकलेली.

मी त्यांचा खोलीसोबती, पेशाने हिशेबनीस. चित्रकलेत माझी मजल दोन डोंगरांमधल्या सूर्यापर्यंत. तरी सल्ला फुकट असतो.

"भाई, होडी जरा डावीकडे घ्या."

"तू आधी चूल सांभाळ. काल आमटीत मीठ समजून साखर कुणी घातलीन?"

मीच घातली होती.

पण त्यांचं दिवसेंदिवस उतरत चाललेलं तोंड बघवेना. एका शुक्रवारी मी अरबीतली चार वाक्यं घोकली आणि थेट शेखसमोर उभा राहिलो. "म्हातारा माणूस आहे. किती छळाल? खलास म्हणा!"

शेखनी शांतपणे माझ्यापुढे कॉफी सरकवली. "मी रमजानच्या आधीच खलास म्हटलं. तिकीट काढतो म्हटलं. तोच जात नाही."

शूरवीर कॉफी न पिताच दालनात पळाला.

भिंतीवर खाडीकाठी एक कौलारू घर होतं. अंगणात दोरी, दोरीवर एकच ओढणी. तेवढीच भाई पत्तीने खरवडत होते.

"शेखची नजर फार..." माझा चेहरा पाहून ते थांबले. मग भिंतीकडे बघतच बोलले, "घरवाली गेली तेव्हा मी हयंच होतो. आता घराला कुलूप. जाऊन कुणाला हाक मारू? माणूस काढायची बंदी, म्हटलं निदान तिची ओढणी वाळत घालू. पण रंग आठवत नाही रे. जन्मभर सुट्टीपुरतीच बघितली तिला."

ओढणी अर्धी हिरवी उरली होती. खरवडल्या जागी आधीचा पिवळा, त्याखाली लाल.

"तू सांग, कुठला काढू?"

पहिल्यांदाच त्यांनी माझा सल्ला मागितला होता. मी दुसरी पत्ती उचलली आणि उरलेला हिरवा खरवडायला लागलो.