ओळखीची माती

मुंजाजीराव कोणत्याही कंपनीचे नाव ऐकले की प्रथम तिला उन्हात वाळत घालतात. हा शब्दप्रयोग त्यांचा आहे, माझा नाही. त्यानंतर ते तिला कुटतात, चाळतात आणि चाळणीखाली जे उतरेल त्यावरच मत देतात.

परभणीतील आमच्या गल्लीत ते माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे पेडगावचे. सारी नोकरी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेली. मी येथे राहायला आलो तेव्हा ते विधुर होते. पत्नीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही तो शिष्टाचार पाळला.

निवृत्तीनंतर त्यांनी एक सॉफ्टवेअर विकत घेतले. त्यात शेअर बाजारातील हजारो कंपन्यांचे वर्षानुवर्षांचे आकडे संगणकावरच्या तक्त्यात आपोआप उतरतात: विक्री, नफा, कर्ज, रोकड. आपण अटी घालायच्या; अटींत बसणारी कंपनी हिरवी होते, न बसणारी लाल. इतर लोक याला फिल्टर म्हणतात, मुंजाजीराव चाळण म्हणतात. जिच्यावर कर्ज फार, तिचे ‘क्षार चढलेत’. जिचा नफा कागदावर दिसतो पण रोकड हाती येत नाही, ती ‘वरून काळी, खाली मुरूम’.

आणि या गृहस्थांनी आजवर एकही शेअर विकत घेतलेला नाही.

घेत नाहीत, पण सोडतही नाहीत. त्यांच्या भाचीसाठी स्थळ पाहायला आम्ही झरीला गेलो होतो. मुलगा नम्र, एका कंपनीत नोकरीला. कंपनीचे नाव कळताच मुंजाजीरावांनी खाकी कापडाच्या पिशवीतून लॅपटॉप काढला, पोह्यांची बशी बाजूला सारली आणि चाळण लावली.

मुलाचे वडील अवघडून म्हणाले, “मामा, काय बघायलात?”

“पोरगं लय चांगलं हाय,” मुंजाजीराव म्हणाले, “पर कंपनीचे क्षार चढलेत. त्याला म्हणावं दुसरीकडं अर्ज टाक. तारखेचं मग बघू.”

मुलाने खरोखरच दुसरीकडे अर्ज टाकला. लग्नात तो सर्वांआधी मामांच्या पाया पडला.

मला त्यांचे ऋण मान्य करण्यास अधिक सबळ कारण आहे. मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कागदातली चूक मला सहन होत नाही, हे टपाल खात्यापासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांना माझ्या पत्रांवरून ठाऊक आहे. निवृत्तीची रक्कम पंप बनवणाऱ्या एका कंपनीत गुंतवण्याचे मी ठरवले होते. तिचा वार्षिक अहवाल परिशिष्टांसह वाचला होता. दोष आढळला नव्हता. मुंजाजीरावांनी एका दुपारी चाळण लावली आणि मान हलवली.

“मुरूम हाय, नाना. नफा दर साली छापलाय, पर रोकड आलीच न्हाई.”

“अहवालावर लेखापरीक्षकांची सही आहे,” मी आवाज चढवून म्हणालो.

“सही मातीच्या पिशवीवर बी असायची. त्यानं माती सुपीक होत न्हाई.”

रागाच्या भरात मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही, परंतु पैसेही भरले नाहीत. वर्ष सरण्याआधी ती कंपनी बुडाली. माझ्या रकमेतून माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आज ती जिना चढून गच्चीवर पापड घालते, तेव्हा मी मनातल्या मनात शेजारच्या घराला नमस्कार करतो.

अशा माणसाविरुद्ध मी तक्रार कशी केली, ते आता सांगितले पाहिजे.

त्यांच्या तक्त्यात सर्वांत वर एक ओळ कायम असे: सरू. सगळे रकाने हिरवेगार. कर्ज शून्य. उरलेली रक्कम तिच्यात गुंतवावी, असे मी ठरवले.

“ही सरू कोणती?”

“ती विकायला न्हाई. ओळखीची माती हाय.” मग मला समजावे म्हणून ते म्हणाले, “लॅबमधी दर खेपेला एक ओळखीची माती घालायची. तिचा निकाल आधीच ठाऊक असतो. तो चुकला, तर समजायचं, यंत्र बिघडलं.”

मी समजलो ते इतकेच, की ही कंपनी त्यांच्या ओळखीच्या कोणाची तरी आहे आणि ते ती लपवत आहेत. पुढे एकदा मीच एक अट सुचवली: विक्री दरवर्षी वाढलीच पाहिजे. त्यांनी ती घातली. सरू लाल झाली. त्यांनी तत्काळ अट पुसली.

“हा पक्षपात आहे, मुंजाजीराव. नियम सर्वांना समान हवा.”

“सरू लाल झाली म्हंजी चाळण चुकली,” ते म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

त्याच सायंकाळी मी कंपनी नोंदणी कार्यालयास पत्र लिहिले: ‘सरू’ नामक संस्थेचे व्यवहार संशयास्पद असून तिच्या नोंदणीचा तपशील मिळावा. पोचपावतीसह रजिस्टर टपालाने. यथावकाश उत्तर आले की या नावाची कोणतीही कंपनी नोंदलेली नाही. ते घेऊन मी शेजारी गेलो आणि पुरावा ठेवावा तसे त्यांच्यापुढे ठेवले.

मुंजाजीरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

“बराबर लिहिलंय. नोंदणी न्हाईच.” त्यांनी लॅपटॉपची खाकी पिशवी माझ्या हातात दिली. टीप सरळ, टाका बारीक. “ही तिनंच शिवलेली. शाळेच्या ड्रेसचं कापड उरलं होतं. सरू म्हंजी आमची कारभारीण, नाना. मशीन त्या खिडकीपाशी असायची. साऱ्या गल्लीचे शाळेचे ड्रेस शिवले तिनं. मशीन घ्यायला बी कर्ज काढलं न्हाई. आकडे तिच्या वहीतलेच हायत, मी नुसते भरले.”

मी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, “मग ती विक्री घटली ती?”

“शेवटचे दोन साल. हात सुजायचे तिचे. कापड यायचं, ती परत लावायची.” ते तक्त्याकडे पाहत राहिले. “तेवढ्यासाठी तिला चाळणीतून टाकून देऊ का?”

मी पिशवी लॅपटॉपशेजारी ठेवली आणि कार्यालयाचे उत्तर घडी करून खिशात घातले.

घरी येऊन मी लिहावयास बसलो: ‘सदर संस्था माझ्या शेजारी अस्तित्वात होती. तिचे व्यवहार चोख होते. तक्रार बिनशर्त मागे घेत आहे.’ पत्र पाठवण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवणे मला कर्तव्य वाटले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

“ते ‘होती’ काढा, नाना,” ते म्हणाले. “वरच्या ओळीला हाय की ती.”

खाडाखोड असलेले पत्र मी आयुष्यात कोणत्याही कार्यालयास पाठवलेले नाही. हे तसेच पाठवले.