मतदानाचा ठराव, मतदानाविना

परदेशी राहणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाला आपल्या गावच्या नगरपालिकेसाठी घरबसल्या मत देता यावे, असा कायदा राज्याच्या विधिमंडळाने करावा, ही मागणी नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावच्या मराठी मंडळाने एकमुखाने करायचे ठरवले. एकमुखाने म्हणजे रविकांतदादांच्या मुखाने. ते मंडळाचे अध्यक्ष, आणि कायम बिनविरोध. निवडणूक झाली की कटुता येते, आणि कटुता आली तर गणपतीत मोदक कोण वळणार, हा त्यांचा घटनात्मक सिद्धांत होता.

सभा बुधवारी संध्याकाळी वस्तीच्या सभागृहात भरली. मसुदा वाचून झाल्यावर वैदेही उभी राहिली. तिला एकच ओळ वाढवून हवी होती: अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मतही त्याच्या घरी येऊन घ्यावे.

तिकडे महाराष्ट्रात तिचे बाबा डिसेंबरात नगरपालिकेच्या मतदानाला गेले होते. केंद्र शाळेच्या वरच्या मजल्यावर. अर्धांगवायू झालेल्या माणसाने जिना कसा चढावा, याचे उत्तर तिथे कुणापाशी नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या पायरीशी बसून राहिले आणि मतदान संपल्यावर परत आले. जानेवारीत गेले. हे शेवटचे वैदेहीने सभेला सांगितले नाही. ते सगळ्यांना ठाऊक होते. मंडळाच्या ग्रूपवर प्रत्येकाने हात जोडले होते.

"वैदेही, भावना समजतात गं," रविकांतदादा म्हणाले. "पण आपला मुद्दा अंतराचा आहे. आपण सात हजार किलोमीटरवर. काका केंद्रापासून किती लांब होते?"

"केंद्राच्या जिन्यातच होते."

"बघ! म्हणजे अंतर नाहीच. कायद्याच्या दृष्टीने त्यांना अडचणच नव्हती."

"मग या ओळीवर मतं घ्या," वैदेही म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. मंडळात मतदान? चांगल्या घरच्या माणसांत?

"माझं मत वैदेहीला!" पडद्यावरून मंजूषामावशी ओरडल्या. पाय प्लास्टरमध्ये असल्याने त्या घरूनच सभेला हजर होत्या.

"मावशी, घटनेत 'उपस्थितांनी' असं आहे," सचिव सुदर्शन नम्रपणे म्हणाला. "घरबसल्या मत कसं धरणार? उद्या कुणीही कुठूनही हात वर करेल."

"मग हा ठराव कशाचा मांडलायत, मेल्या?"

"तो महाराष्ट्रासाठी आहे, मावशी." आणि त्याने त्यांचा आवाज बंद केला. मावशींचे ओठ बराच वेळ हलत होते.

इतक्यात दार ढकलून एक डच बाई डोकावल्या. शेजारच्या खोलीत गावच्या कौन्सिलसाठी मतदान चालू होते. नऊपर्यंत वेळ आहे, कुणाचे राहिले असेल तर या, म्हणाल्या.

"इथे आपल्याला मत असतं?" रविकांतदादा चकित झाले.

"पाच वर्षं झाली की असतं. घरी कार्ड येतं," वैदेही म्हणाली. "मी येतानाच देऊन आले."

"ते? मला वाटलं पिझ्झाची जाहिरात. जुन्या कागदांत टाकलं." बऱ्याच माना हलल्या. बहुतेकांनी ते कार्ड कागदाच्या वेगळ्या कचरापेटीतच टाकले होते, कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत मंडळ अतिशय जागरूक. "त्यांना म्हणावं, आम्ही मताच्या हक्कासाठी झगडतोय, व्यत्यय नको. दार लाव रे."

दार लागले. रविकांतदादांनी मूळ मसुदा मंजुरीसाठी ठेवला. "कुणाची हरकत?"

वैदेहीने हात वर केला. शेजारी सिद्धार्थ होता, तिचा नवरा. त्याने मोबाइलमध्ये काहीतरी तातडीचे शोधायला घेतले. दादा त्याचे ऑफिसातही साहेब होते. हात एकटाच वर राहिला. तिने तो खाली घेतला नाही. रविकांतदादा छताकडे बघत होते.

सुदर्शनने मोठ्याने वाचत लिहिले: "मूळ मसुद्यास वैदेही यांनी हात उंचावून अनुमोदन दिले. ठराव सर्वानुमते मंजूर."

"मी विरोध केला, सुदर्शन."

"हो गं ताई, पण विरोध लिहायची आपल्यात पद्धत नाही."

टाळ्या झाल्या. अंथरुणावरच्या माणसांची ओळ मसुद्यात गेली नाही. वैदेहीच्या बाबांच्या मतदारसंघातली बाकीची अंथरुणे आता पुढच्या मतदानापर्यंत जिन्याखाली वाट बघतील.

सदर इतिवृत्त समस्त मराठी वाचकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करण्यात येत आहे. इथवर वाचून ज्यांनी हात वर केलेला नाही, त्यांची संमती गृहीत धरली आहे.