लांब का, बाई?

मळवलीत आमच्या शेजारच्या बंगल्याची राखण करणारे बबनभाऊ फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि समोरून जाईल त्याला विचारतात, "लांब का?" माणूस असो, म्हैस असो, सायकलवरचा पाववाला असो, कुणीही सुटत नाही. 'कुठे' मात्र ते चुकूनही म्हणत नाहीत. निघालेल्याला 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं. आणि काहीच विचारलं नाही, तर तो त्याचा अपमान.

"समोरून जित्ता मानूस गेला आन् आपन गप? त्यो काय खांब हाय?"

चाळीस वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत शिकवायला आले. आता आजी झालेय, तेव्हा सांगायला हरकत नाही, पण पुण्याहून आलेली ती मुलगी फारच शिष्ट बया होती. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी विचारलं, "लांब का, बाई?" बयेनं पर्स काखेत आवळली. "तुम्हाला काय करायचंय? असं विचारणं असभ्यपणाचं आहे." मग ती वर्गावर गेली आणि तासभर पोरांना सौजन्य शिकवलं.

भाऊंनी ते मनावर घेतलं. मी दिसले की ते तोंड फिरवायचे आणि फाटकाजवळच्या जास्वंदीला विचारायचे, "लांब का?" महिनाभर मी ताठ मानेनं गेले. एके सकाळी घाईत निघाले, तर भाऊ जास्वंदीला म्हणाले, "लांब का? न्हाई, चपला दोन जोडांतल्या दिसत्यात." मीही जास्वंदीलाच उत्तर दिलं, "शाळेपर्यंत," आणि चपला बदलायला घरी पळाले. तेव्हापासून आमचं बोलणं जास्वंदीमार्फत.

हल्ली बंगल्यावर शनिवार-रविवार पाहुणे उतरतात. कानात बोंडं घातलेल्या एका पाहुण्याला भाऊंनी चार वेळा विचारलं. शेवटी त्यानं मोबाइलवरचा नकाशा त्यांच्या नाकापुढे धरला. "चार मिनिटं, अंकल." संध्याकाळी मालकांचा फोन आला, पाहुण्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं.

भाऊ जास्वंदीला म्हणाले, "मला वाटलं, बाई एकल्याच तशा हैत."

गेल्या दिवाळीनंतर भाऊंच्या पत्नी, सरूवहिनी, वारल्या. खुर्ची आठवडाभर रिकामी होती. मग एका दुपारी भाऊ इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून माझ्या दारावरून गेले. दहा मिनिटांत परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मला वाटलं, काहीतरी विसरत असतील. तिसऱ्या खेपेला ते माझ्या फाटकाशी रेंगाळले आणि चांगली असलेली चप्पल उगाच झटकू लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भाऊ बाहेर पडले की सरूवहिनी बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यातून हाक द्यायच्या, "लांब का?" चाळीस वर्षं मी ती माझ्या स्वयंपाकघरात ऐकत आले होते. अख्ख्या गावाला विचारणाऱ्या माणसाला विचारणारं ते एकच तोंड होतं.

मी दारातल्या ओट्यावरून विचारलं, "लांब का, भाऊ?"

भाऊ थांबले. टोपी सारखी केली. "लय लांब, बाई. काडेपेटी आनायचीय."

दुकान माझ्या ओट्यावरून दिसतं.

पाचच मिनिटांत बंगल्याचं फाटक वाजलं. भाऊंच्या हातात काडेपेटी काही नव्हती. जास्वंदीकडे पाठ करून ते मला म्हणाले, "आलो बरं का."