तीन कुलपांची गाडी

त्या रविवारी प्रज्ञेशने वांगी मंडईतूनच आणायची ठरवली, आणि तीही आम्रपालीच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून. (कर्वेनगरच्या कोपऱ्यावर वांगी मिळत होतीच. पण नवी स्कूटर कोपऱ्यापर्यंत नेण्यात काय मजा?)

बायकोने स्कूटर दिली ती तीन कुलपांसकट. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या, आणि तिसरं साखळीचं. साखळी म्हैस बांधता येईल एवढी.

"आधीची गाडी गेली तेव्हा किल्ली गाडीलाच लटकत होती," ती म्हणाली. "ही माझ्या पगाराची आहे. ही गेली, तर पुन्हा माझ्या कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही."

एवढा अपमान! वीस वर्षं ऑफिसातल्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाचा!

मंडईपाशी गाडी लावून तो दहा पावलं गेला आणि दचकला. कुलपं पिशवीतच होती! धावत मागे येऊन, आम्रपालीच्या नावाने पुटपुटत, त्याने तिन्ही कुलपं ठोकली आणि छाती फुगवून वांग्यांकडे वळला.

अर्ध्या तासाने येऊन बघतो तर काय, पांढऱ्या टोपीतले एक आजोबा स्कूटरची साखळी दगडाने ठेचत होते. भरदिवसा! लोक शेजारून कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन खुशाल चालले होते. प्रज्ञेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, लाज वाटत नाही? दुसऱ्याची गाडी फोडता?"

"दुसऱ्याची?" आजोबा दगडासकट उभे राहिले. "गेनबा म्हनत्यात मला. गाडी माझी हाय! कुण्या शहाण्यानं बेड्या घातल्यात, त्यालाच हुडकतोय."

गर्दी जमली. एक चष्मेवाले गृहस्थ आपण होऊन न्यायाधीश झाले. "आपल्या गाडीचा नंबर काय?"

"नंबर बायकोला माहीत असतो!" प्रज्ञेश गरजला. "मी पुरावाच देतो." त्याने जुडगा काढून एकेक कुलूप उघडलं. खट्. खट्. खट्. "आता बोला! चोराकडे किल्ल्या असतात का? आणि तुम्ही सगळे बघत काय उभे होतात? उद्या शनिवारवाडा उचलून नेला तरी व्हिडिओच काढाल!"

"उघाडलंत? लई उपकार," म्हणत गेनबांनी खिशातून किल्ली काढून फिरवली. स्कूटर निमूटपणे सुरू झाली.

प्रज्ञेशने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे. मग वांग्यांची पिशवी.

"आपली ती असावी," चष्मेवाले म्हणाले. शेजारीच तशीच पांढरी स्कूटर उभी होती. कुलूप एकही नाही, किल्ली लटकत होती. "मघापासून बघतोय. चोरांना वाटलं असेल, पोलिसांनी सापळा लावलाय."

प्रज्ञेश घरी पोचण्याआधी व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. आम्रपालीने स्कूटरची किल्ली कपाटात टाकली आणि कपाटाला ती म्हशीची साखळी घातली.

"कुलपं चोरांसाठी असतात," प्रज्ञेश उसळला. "मी काय चोर आहे?"

"चोर परवडला," आम्रपाली म्हणाली. "त्याला निदान गाडी ओळखता येते."