तीन बोटं उजवीकडं

शेजारचे सोनकांबळे साहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला, पाणी नको म्हणाले, शर्टाच्या खिशातून बोटाएवढी पाणसळ काढली आणि आमच्या टीपॉयवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा निवांत उठला आणि खिडकीच्या बाजूला जाऊन बसला.

"सर, तुमचं घर उत्तरेला कललंय," ते म्हणाले.

ते घर घेऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच रात्रीतून एका बाजूनं उचलून ठेवलंय. साहेबांनी मात्र चहा घेतला, बशी जरा फिरवून बघितली आणि "चालायचंच, नांदेडात समदीच घरं अशी," असा धीर देऊन गेले.

माणूस पाटबंधारे खात्यातला. सारी नोकरी कालव्यांची पातळी मोजण्यात गेली. कालवा बोटभर चुकला तर पाणी पुढं जायच्याऐवजी मागं येतं आणि साहेबाच्या खुर्चीखालून वाहतं, असं ते सांगत. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पातळी सुटली नाही. लग्नात वधूवरांच्या आधी ते स्टेजला पाणसळ लावतात. एकदा कुणाच्या घरी सांत्वनाला गेले होते. भिंतीवरचा फोटो तिरका दिसला म्हणून स्टूल मागून घेतलं, फोटो सरळ केला, खाली उतरले आणि मग डोळे पुसले. त्यांचा एकच मंत्र, "आधी बुडबुडा. मग बाकी."

आणि दर चार वाक्यांमागं एक नाव यायचं, जब्बारभाईंचं. जब्बारभाई म्हणजे साहेबांच्या दुर्बिणीपुढं आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहणारा माणूस. साहेब इकडं दुर्बिणीला डोळा लावून, जब्बारभाई तिकडं उन्हात पट्टी धरून. मध्ये अख्खं रान. जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं.

"तीस वर्सं मी जब्बारभाईला उलटं पाह्यलंय सर," साहेब म्हणायचे. "डोकं खाली, पाय आभाळात. पण पट्टी? पट्टी कधी हलली न्हाई."

मागल्या वर्षी जब्बारभाईंची बायको गेली. मुलं हैदराबादेत. अर्धापुरात ते एकटेच राहिले आणि त्यांनी खाट धरली. दुखणं असं काही नव्हतं. गुडघे आखडत चालले होते, डॉक्टर म्हणत होते चाला, आणि हे चहाच्या हॉटेलापर्यंतही जाईनात. साहेब दर आठवड्याला जाऊन यायचे.

"जाऊन बसत्यात, अन् तसंच उठून येत्यात," सोनकांबळे वहिनी मला सांगत होत्या. "बाहेर चला म्हणलं की ते म्हणत्यात, बाहेर काय काम हाय माझं, साब? ह्याच्यावर ह्यांना उत्तर सुचंना. रातच्याला झोप न्हाई ह्यांना."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेब माझ्याकडं आले. मी कॉलेजात पोरांना नेमबाजी शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, रायफल घ्यायची हाय. लांब पल्ल्याची. कागदावर नेम धरायची."

"लोक पेन्शनीत नातवंडं खेळवत्यात," मागून वहिनी म्हणाल्या, "ह्यांना बंदूक खेळवायची हाय."

मी मात्र खूश झालो. नवशिक्याला रायफल निवडून देणं हे माझ्या आवडीचं काम, आणि त्यात माझा हात धरणारा उभ्या जिल्ह्यात कोणी नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी म्हणालो, हवेच्या दाबावर चालणारी, छर्ऱ्याची, दहा मीटरची घ्या. गच्चीवरसुद्धा सराव होतो.

"दहा मीटरला कागद इथूनच दिसतो. तिकडं माणूस लागत न्हाई," ते म्हणाले. "नको. छर्ऱ्याचीच, पण पन्नासची बघा."

पन्नास मीटरला दुर्बीण लागते, वारा बघावा लागतो, सगळं जुळवताना घाम निघतो, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि एसटीची वेळ विचारली.

लातुरात एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर रायफलींचं दुकान आहे. खाली पोरं रसायनशास्त्र घोकत होती आणि वर साहेब इस्त्रीच्या पँटीनिशी फरशीवर पालथे पडले होते. मी त्यांना शिकवत होतो : डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, आता डोळे उघडा. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे. मान ताणावी लागली की ती रायफल आपली नव्हे, मग ती कितीही देखणी असो. साहेबांनी दुकानातली प्रत्येक रायफल अशी झोपून पाहिली. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जात होती. शेवटी एका साध्या लाकडी दस्त्याच्या रायफलीवर त्यांचा गाल असा विसावला की मला वाटलं, आता घोरतात.

दुर्बिणीवर मात्र अडलं. दुकानदार सगळ्यात मोठी गळ्यात घालत होता. मी म्हणालो, आपल्याकडच्या उन्हात जितकं मोठं दाखवाल तितकं हवेचं नाचणं मोठं दिसतं, मधलीच घ्या. हे साहेबांना लगेच पटलं, कारण दुपारच्या उन्हात पट्टीवरचे आकडे नाचताना त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी मधली दुर्बीण डोळ्याला लावली, खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे सरळ दिसून राह्यलं की!"

"काका, सरळच दिसणार," दुकानदार म्हणाला.

"दुर्बिणीत मानूस उलटा दिसला पायजे. सरळ तर कुनी बी बघंल." बरीच समजूत घातल्यावर त्यांनी ती दुर्बीण घेतली, पण गावी येईपर्यंत एसटीत ते जरा नाराजच होते.

रायफलीवर दुर्बीण चढवणं म्हणजे त्यांच्या घरचं कार्यच झालं. जेवायच्या टेबलाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून आधी टेबल पातळीत आणलं. मग रायफलीवर पाणसळ, मग दुर्बिणीवर पाणसळ. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा पिळायचा, हे मी सांगितलं. ते त्यांनी इतक्या हळू केलं की वहिनींनी आम्हाला जमिनीवर वाढलं.

अर्धापूरला साहेबांच्या भाच्याची केळी आहे. बागेमागं कोरडं शेततळं, त्याला उंच मातीचा बांध. छर्रा अडायला याहून चांगली जागा नाही. पहिल्या रविवारी मी पोचलो तेव्हा साहेब स्कूटरवर मागं जब्बारभाईंना घेऊन आले. उंच, वाळलेला माणूस, दाढी वाढलेली. सिमेंटचं पोतं उतरवावं तसं साहेबांनी त्यांना उतरवलं.

"तिकडं मानूस लागतो," साहेबांनी मला सांगितलं. "कागद बघून सांगायला."

माझ्या पिशवीत त्यासाठी वेगळी दुर्बीण होती. जागेवरून न हलता कागदावरचं भोक दिसतं, असं मी म्हणालो.

"काच दाखवती. सांगत न्हाई," साहेब म्हणाले आणि माझी पिशवी त्यांनी स्वतःच बंद केली.

मी नियम घालून दिला : पाच छर्रे मारायचे, तोवर सगळे मागं. रायफल रिकामी करून खाली ठेवली, मी 'जा' म्हटलं, की मगच जब्बारभाई पुढं जाणार. आधी कागदाशेजारी बाभळीला साहेबांचा पितळी ओळंबा टांगला. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळली की दुर्बीण सरळ बसली. वाऱ्यानं ओळंबा झुलू लागला तेव्हा जब्बारभाईंनी, कुणी न सांगता, तळहात लावून तो थांबवला. तेवढ्यापुरते ते जुने जब्बारभाई दिसले असावेत, कारण साहेब दुर्बिणीतून डोळा काढीनात.

मग पाच छर्रे. मी 'जा' म्हटलं. जब्बारभाई गुडघ्यावर हात ठेवत उठले आणि ते पन्नास मीटर असे चालले की मला चहा प्यावासा वाटला. कागदापाशी पोचल्यावर त्यांनी उजवा हात आडवा केला, तीन बोटं दाखवली. तीन बोटं उजवीकडं.

"कागद उजवीकडं घ्या, जब्बारभाई!" साहेब ओरडले.

जब्बारभाईंनी खुंट उपटून कागद तीन बोटं उजवीकडं रोवला आणि परत आले. साहेबांनी नेम जुन्याच जागी धरला आणि पुढचे पाच छर्रे मधोमध! जब्बारभाईंनी पुन्हा जाऊन तिकडून दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले. कालव्यावरच्या खुणेत याचा अर्थ 'पक्कं'. साहेबांनीही इकडून हात हलवले. मी कपाळाला हात लावला.

"अहो साहेब, कागद नाही हलवायचा! दुर्बिणीवरची फिरकी फिरवायची. टिकटिक वाजते बघा. नेम जिथं, छर्रा तिथं, ह्याला झिरो करणं म्हणतात!"

"आमच्यात यंत्र हलवत न्हाईत सर. तिकडचा मानूस हलवत्यात."

यावर जब्बारभाई हसले. ते त्यांचं मी ऐकलेलं पहिलं हसणं.

पुढं साहेब फिरकी शिकले. पण रायफल काही झिरो होईना. दर रविवारी तीन बोटं उजवीकडं. मी कडी तपासली, छर्रे बदलले, नळी पुसली. लातूरला ज्येष्ठांची स्पर्धा होती, तिथं साहेबांचं नाव द्यायचं मी ठरवलं होतं आणि माझ्या मित्रमंडळीत बोलूनही बसलो होतो. माझी अब्रू त्या तीन बोटांत अडकली. साहेब निवांत. "जमंल सर. घाई कामून?" इकडं जब्बारभाईंची तक्रार वाढत चालली. "साब, तुमचा हात कधी हलत नव्हता, आता काय झालं? श्वास रोका ना!" ते दर वेळी जायचे, यायचे, भांडायचे. दाढी केलेली दिसू लागली. एका रविवारी त्यांनी केळफुलाची भाजी करून आणली. मग स्कूटर नको म्हणाले, गावातून चालत यायला लागले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी आपला स्क्रू तपासत होतो.

त्या रविवारी मी लवकर गेलो. साहेब एकटेच सतरंजीवर पालथे होते. पाच छर्रे झाले, रायफल खाली ठेवली, तसा मी हाक मारून थेट कागदाकडं गेलो. पाचही छर्रे मधल्या काळ्या ठिपक्यात, एकाच भोकात. मी कागद फाडून नाचतच परत आलो.

"झाली झिरो! साहेब, जमलं!"

साहेबांचा चेहरा बोरं चोरताना धरलेल्या पोरासारखा झाला. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी करून खिशात घातला, मग दुर्बिणीवरची फिरकी धरली आणि टिक, टिक, टिक अशी फिरवून ठेवली.

"हे काय करून राहिलात?" मीच त्यांच्या भाषेत ओरडलो.

"ही दुसऱ्याच रविवारी झिरो झाली सर. जब्बारभाई यायच्या आधी मी दर खेपेला बिघडवून ठेवतो."

"पण का?"

ते बांधाकडं बघत राहिले. "ही जमली की मग त्यांना बोलवायचं कशासाठी? ते इचारतील, माझं काय काम हाय, साब? मंग मी काय सांगू?"

लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल एवढी माया दाटून आली की मी उगाच सतरंजी झटकू लागलो. लातूरच्या स्पर्धेचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

तेवढ्यात केळीतून जब्बारभाई आले. घामानं ओलेचिंब, पण ताठ. त्यांनी चष्मा काढला, चेहरा पुसला आणि आमच्याशेजारी बसले. नवा कागद मी जाऊन लावून आलो. साहेबांनी पाच छर्रे मारले, रायफल रिकामी करून ठेवली, मी 'जा' म्हटलं. जब्बारभाई उठले आणि झपाझप चालत कागदापाशी पोचले. उजवा हात आडवा झाला, तीन बोटं वर आली.

"आज बी तीन बोटं उजवीकडं, साब! तुमी काही सुधरत न्हाई!"

मी हसून सतरंजीकडं पाहिलं आणि तसाच राहिलो. जब्बारभाईंचा जाड भिंगांचा चष्मा तिथंच पडला होता. त्याच्याशिवाय त्यांना एसटीवरची पाटी वाचता येत नव्हती, छर्ऱ्याचं भोक कुठलं दिसतंय. कागद न बघताच ते सांगत होते. त्यांना सारं ठाऊक होतं. कधीपासून, ते त्यांनाच माहीत.

साहेबही चष्म्याकडंच बघत होते. त्यांनी तो हळूच उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि घडी करून सतरंजीवर नीट ठेवला.

"बरं, या मागं!" ते ओरडले. "अजून पाच मारतो!"

"मारा ना साब! आलोच मी. मला कुठं जायचंय!"

जब्बारभाई परत येऊन आमच्यामागं बसले. साहेब पालथे झाले, गाल दस्त्यावर टेकवला, पाणसळ दुर्बिणीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, जरा बुडबुडा बघा. मला दिसंना."

मी वाकलो. मलाही तो धड दिसत नव्हता.

"मध्यात आहे," मी म्हणालो. "मारा."