एकोणचाळीस गाणी आणि एक रिकामी कॅसेट

शिवशंकर बिडवे स्वतःची ओळख करून द्यायला उभे राहिले, की त्यांची बायको आणि बिनपगारी मदतनीस राजकन्या आठ महिन्यांच्या बबलूला पाजून घेई. तेवढा वेळ हमखास मिळे.

"लातूर, नांदेड आणि मागणी असली तर धर्माबाद, या पट्ट्यातला मी एकमेव खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि..."

तिसरं जनावर त्यांना कधीच आठवत नसे. आज लातूरजवळच्या मुरुडला, गायक व्यंकटरावांच्या जुन्या घरीही, ते तिथंच अडले. एव्हाना बबलूचं पोट भरलं होतं.

व्यंकटरावांनी चाळीस वर्षं गिटार घेऊन मराठवाड्यातली कॉलेजं गाजवलेली. गाणं स्वतः लिहायचं, चालही स्वतःच लावायची. त्यांच्या निवडक चाळीस गाण्यांचा संग्रह रविवारी लातुरात निघायचा होता आणि जमली होती एकोणचाळीस. पहिलंच गाणं, 'गल्लीत लाईट गेली', एका जुन्या कॅसेटवर तेवढं उरलेलं. ती कॅसेट त्यांच्या वहिनींच्या, नागाबाईंच्या ट्रंकेत सापडली खरी, पण स्क्रू काढलेली. आतली फीत गायब.

"मग नव्यानं गा की, काका," राजकन्या म्हणाली.

"दुसरं कडवं आठवत न्हाई." व्यंकटराव खाली बघत होते. "अन् ज्या गाण्यानं लोकांनी मला ओळखलं तेच नसलं, तर संग्रह कशाचा? नकोच काढायला."

शिवशंकरांनी डोळे बारीक केले. "नांदेडचा तुमचा तो प्रतिस्पर्धी गायक. त्याचंच काम."

"त्याला वारून नऊ वर्षं झाली."

"बघा. पुरावा राहू नये याची किती काळजी घेतली त्यानं."

मग संशय उंदरावर गेला.

"उंदीर स्क्रू काढतो?" राजकन्येनं विचारलं.

"शिकलेला असंल."

शेवटी त्यांनी बबलूच्या पावडरचा अख्खा डबा कॅसेटवर उपडा केला आणि ठसे तपासले. "चोर अतिशय लहान चणीचा हाय. अन् त्याला लाळ लई गळते."

राजकन्येनं बबलूच्या मुठीतून कॅसेटचं झाकण सोडवलं. बबलू पावडरीनं शिंकला आणि भोकाड पसरून रडू लागला. त्याला घेऊन ती मागच्या वावरात गेली.

ज्वारी कणसाला आली होती. काठ्या रोवून त्यांना एक तपकिरी फीत ताणून बांधली होती. वाऱ्यात थरथरत ती बारीक गुणगुणत होती. बांधावर नागाबाई बसल्या होत्या.

"मावशी, हे काय?"

"कॅसेटची फीत. ही अशी गुणगुणली की चिमण्या उतरत न्हाईत."

राजकन्येनं तिथूनच "अहो" म्हणून हाक मारली. दोघे पुरुष आले. शिवशंकरांनी फीत खालून वर न्याहाळली आणि शांतपणे म्हणाले, "माझा चौथा अंदाज हाच होता."

व्यंकटरावांनी ती हातात धरली. उन्हानं पार विटलेली फीत बोटांतच तुटली. ते मटकन बांधावर बसले. बबलू मात्र रडतच होता.

"दे इकडं." नागाबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटत गाऊ लागल्या,

"पंखा थांबला, थांबू दे की,
पदर हाय ना माझा,
लाईट येईल तवा येईल,
अंगणात चांद ताजा..."

व्यंकटरावांनी मान वर केली. "वहिनी, हेच ते. दुसरं कडवं."

"मंग? भाकरी थापताना रोज लावत होते की मी."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तुम्ही कॅसेट इचारली, भावजी. गाणं कुठं इचारलं?"

"फीत तरी कशाला काढायची?"

"पाठ झालं होतं. ठिऊन काय करायचं?"

व्यंकटरावांनी घाईघाईनं खिशातून फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. "प्रकरण निकाली," शिवशंकर म्हणाले. राजकन्येनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. बबलूच्या पापण्या जड झाल्या होत्या.

नागाबाईंनी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. झोपलेल्या लेकराला घ्यायला राजकन्येनं हात पुढं केले.

"थांब जरा. तिसरं राहिलंय."

"तिसरं?" व्यंकटराव फोन धरून तसेच थांबले. "वहिनी, मी दोनच लिहिली होती."

नागाबाईंनी पदर सावरला. बबलूच्या पाठीवरचा हात थांबला नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "दोन तुमची."